लोक वाढत नाहीत, मग सोलापुरात एवढे फ्लॅट कुणासाठी?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरची लोकसंख्या फारशी वाढत नाही, शिकलेली पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात, तरी जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत नव्या अपार्टमेंट उभ्या राहतातच. हे फ्लॅट घेतं कोण? विचारणारे स्वतः पुण्यात नोकरीला आहेत आणि आई-वडील बाळीवेशीजवळच्या जुन्या घरात राहतात. त्यांच्यासाठी सोलापुरात फ्लॅट घ्यावा का, हा त्यांचा खरा पेच.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षं बँकांसाठी मालमत्तेचं मूल्यांकन करतो. गृहकर्जाच्या फायलीमागे कोण उभं आहे, कुणाचा फ्लॅट वर्षानुवर्षं कुलपात आहे आणि कुणाचं जुनं घर विकलं जात नाही, हे या कामात रोज दिसतं. माझं उत्तर असं: फ्लॅट विकला जायला शहरात नवी माणसं यावी लागत नाहीत. एका कुटुंबाची दोन झाली, एक कुटुंब पेठेतून उठून रोडला गेलं किंवा कुणाच्या हातात मोठी रक्कम आली, एवढ्यावर फ्लॅट खपतो. पण वाढत्या शहरात नवी इमारत भर घालते, आणि न वाढणाऱ्या शहरात ती कुठलं तरी जुनं घर रिकामं करते. सोलापुरात घर घेणाऱ्यानं नव्या इमारतीकडे बघण्याआधी रिकामं काय होतंय तिकडे बघावं.

आधी आकडे, कारण त्यांच्यावरून बरेच गैरसमज होतात. १९९१ च्या जनगणनेत सोलापूर शहर ६,०४,२१५ होतं आणि २००१ मध्ये ८,७२,४७८ झालं. कागदावर ही ४४ टक्के वाढ दिसते. मधल्या काळात, १९९२ मध्ये, हद्दवाढ झाली. शेळगी, दहिटणे, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, नेहरूनगर ही गावं आणि वस्त्या महापालिकेत आल्या आणि तेहतीस-चौतीस चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात १७८ चौरस किलोमीटरचं झालं. त्या ४४ टक्क्यांतला मोठा वाटा या हद्दवाढीचा आहे. खरा वेग पुढच्या दशकात कळतो. २०११ ला शहर ९,५१,५५८ वर पोहोचलं, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के वाढ. त्याच दशकात अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्के वाढली आणि आपल्याच जिल्ह्याची बारा टक्के. शहर आपल्या जिल्ह्यापेक्षाही मागे राहिलं. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे जाहिरातीत जे 'बारा लाखांचं', 'पंधरा लाखांचं सोलापूर' छापलेलं असतं ते अंदाज आहेत, मोजणी नव्हे.

कारण सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल अशा गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमाग आणि टॉवेलचा धंदा टिकला, पण गिरणीची कायम नोकरी गेली ती गेलीच. इंजिनिअरिंग करून बाहेर पडणाऱ्या मुलाला इथे काम नाही, म्हणून तो हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठतो.

आता डोकी आणि कुटुंबं यांतला फरक बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. फ्लॅट डोक्यामागे लागत नाही, चुलीमागे लागतो. जपानमध्ये २०१५ ते २०२० या पाच वर्षांत लोकसंख्या जवळपास साडेनऊ लाखांनी घटली, आणि त्याच काळात कुटुंबांची संख्या सुमारे चोवीस लाखांनी वाढली, कारण एकटी-दुकटी राहणारी माणसं वाढली. तिथे आजही दरवर्षी लाखो नवी घरं बांधली जातात, आणि २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे नव्वद लाख घरं रिकामी निघाली. नवं बांधकाम आणि रिकामी घरं एकाच वेळी वाढू शकतात, याचा यापेक्षा ढळढळीत दाखला नाही.

आपल्याकडेही वाट तीच आहे, आपण त्या वाटेवर मागे आहोत इतकंच. २००१ ते २०११ मध्ये देशात सरासरी कुटुंब पाच माणसांच्या वर होतं ते पाचाच्या खाली आलं. शहरी घरटंचाई मोजायला केंद्र सरकारनं नेमलेल्या तांत्रिक गटानं २०१२ साठी टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची धरली. त्यातली जवळपास १ कोटी ५० लाख टंचाई दाटीवाटीची होती, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण एका खोलीत दोन संसार. आणि त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरांमध्ये १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. टंचाई गरिबांच्या घरांची, रिकामी घरं पैसेवाल्यांची. सोलापुरात हे दोन्ही तुम्हाला एका तासाच्या फेरीत दिसेल.

तर इथे फ्लॅट घेतं कोण? माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत सगळ्यात मोठा गट तालुक्यांचा असतो. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, पंढरपूर भागातला बागायतदार. ऊस, डाळिंब, द्राक्ष यांचा पैसा, नाहीतर हायवेत गेलेल्या जमिनीचा मोबदला. मुलांची शाळा, अकरावी-बारावीचे क्लास आणि आईबापाचा दवाखाना यांसाठी शहरात एक घर हवं असतं. आई मुलांना घेऊन फ्लॅटमध्ये राहते, वडील शेतावर. दहावी ते बारावी तीन वर्षं फ्लॅट भरलेला असतो, मग मुलगा पुण्याला जातो, आई गावी परतते आणि फ्लॅटला कुलूप लागतं. असा फ्लॅट मालक सहसा भाड्यानं देत नाही. 'आपल्याला दवाखान्यासाठी यावं लागतं, राहू दे' असं म्हणून तो दहा-दहा वर्षं तसाच ठेवतो.

दुसरा गट पेठांमधला. नवी पेठ, सिद्धेश्वर पेठ, साखर पेठ, भवानी पेठेतल्या घरातला धाकटा भाऊ. चारचाकी आली, गल्लीत लावायला जागा नाही. सुनेला स्वतंत्र स्वयंपाकघर हवं आहे, आणि त्यात काही गैर नाही. हे लोक खरोखर राहायला जातात, आणि इमारत चालते ती यांच्या जिवावर. तिसरा गट हा प्रश्न विचारणाऱ्या तुमच्यासारखा, पुण्या-मुंबईत कमावणारा आणि आई-वडिलांसाठी घेणारा. गुंतवणूक म्हणून घेणारेही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे बोलतो.

पण एक गट असा आहे जो विकत काही घेतच नाही आणि तरी फ्लॅटचा मालक होतो. तो म्हणजे जमीनमालक. सोलापुरातले बहुतेक प्रकल्प छोटे, आठ-दहा गुंठ्यांचे, आणि बिल्डर जमीन रोखीनं विकत घेतोच असं नाही. शहरातल्या मोदी, रेल्वे लाइन्स, सात रस्ता या भागांतला एखादा जुना बंगला असतो. मालक म्हातारा, मुलं बाहेर. डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट होतं, जमीन मालकाची, खर्च बिल्डरचा आणि फ्लॅट ठरलेल्या टक्क्यानं वाटून. वीस फ्लॅटच्या इमारतीत आठ मालकाच्या वाट्याला आले असं धरा. त्यातला एक तो स्वतः वापरतो आणि उरलेले मुला-मुलींच्या नावावर होतात. ती मुलं कुठे असतात? बाणेरला, दुबईला, न्यू जर्सीला. हे सात फ्लॅट कधीच बाजारात येत नाहीत, त्यात कुणी राहातही नाही.

म्हणून सोलापुरात इमारत कधी उभी राहते, याचं उत्तर मागणीपेक्षा जमिनीत जास्त सापडतं. बंगल्याच्या मालकाचं वय झालं, भावंडांचं एकमत झालं आणि बिल्डरकडे मागच्या प्रकल्पातला थोडा पैसा मोकळा झाला की इमारत उभी राहते. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), त्यावर प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) आणि पूरक एफएसआय असं सगळं मिळून त्याच प्लॉटवर पूर्वीपेक्षा बरंच जास्त बांधता येऊ लागलं. जिथे चार मजले व्हायचे तिथे सात-आठ मजल्यांचे नकाशे मंजूर होतात. शहरात माणसं वाढली म्हणून इमारती उंच झाल्या असं कुणी समजू नये. होटगी रोडला मात्र उंचीवर विमानतळाचं बंधन आहे. तिथे घेत असाल तर विमानतळ प्राधिकरणाची ना हरकत आणि तिच्यातली उंचीची मर्यादा स्वतः वाचा. विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडताना सगळ्या शहरानं पाहिली आहे.

आता रिकामं काय होतं ते सांगतो, कारण माझा जीव तिथेच जास्त तुटतो. पेठेतलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर मातीचा थर. हे छप्पर उन्हाळ्यात काँक्रीटच्या स्लॅबपेक्षा कितीतरी थंड असतं, पण त्याची एक अट आहे: दरवर्षी पावसाळ्याआधी वर चढून उंदरानं पोखरलेलं, वाहून गेलेलं भरायचं, पांढरी माती टाकायची आणि चोपून पन्हाळाकडे उतार धरायचा. घरात कुणी राहात असेल तर हे होतं. घर बंद पडलं की पहिल्या पावसात एका कोपऱ्यात पाणी मुरतं, दुसऱ्या वर्षी तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं. ते टोक बाहेरून दिसतच नाही. मी पाहणीला जातो तेव्हा तुळईच्या टोकाशी खिळा घुसवून बघतो. लाकूड चांगलं असेल तर खिळा अडतो, कुजलेलं असेल तर अंगठ्याच्या जोरानं आत जातो. तिथून पुढे महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येईपर्यंत फार वर्षं लागत नाहीत.

हे घर विकावं म्हटलं तर प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव. त्यांना तीन मुलगे, दोन मुली. त्यांतले दोघं वारले, त्यांचे वारस वेगळे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलाइतकाच हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे, पण म्हणजे विक्रीखताला प्रत्येकीची सही लागते. पुढच्या खोलीत एखादा जुना भाडेकरू असतो. रस्ता अरुंद, म्हणून वाढीव एफएसआय मिळत नाही. बिल्डर येतो, बघतो आणि जुळे सोलापूरला मोकळा प्लॉट शोधायला जातो. असं करत शहराच्या मधोमध, जिथे पाइपलाइन, ड्रेनेज, शाळा, बाजार सगळं आधीपासून आहे, तिथे घरं पडताहेत. आणि हद्दवाढ भागात, जिथे ड्रेनेज टाकायला महापालिकेला दशकं लागली, तिथे नवी घरं होताहेत. लोक तेवढेच, पण कर भरणाऱ्या तेवढ्याच माणसांना दुप्पट लांबीचे रस्ते, गटारं आणि दिवे पोसावे लागतात. न वाढणाऱ्या शहरात पसरट बांधकामाचा खरा तोटा हा आहे, आणि तो कुठल्याही एका फ्लॅटच्या किमतीत दिसत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला शहराबाहेरचं कुंभारी गाव आहे. विडी कामगार, यंत्रमागावरचे कामगार, बांधकाम मजूर अशा असंघटितांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून रे नगर या वसाहतीची तीस हजार घरं आखली गेली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या पंधरा हजारांचं वाटप झालं. त्याआधी तिथेच गोदुताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं झाली होती. घर छोटं, तीनशे चौरस फुटांच्या आसपास, पण ज्या बाईनं तीस वर्षं भाड्याच्या एका खोलीत विड्या वळल्या तिच्या नावावरचं. घरटंचाईचा जो खरा भाग, तो भरून काढणारं बांधकाम हे आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण हिशेब इथेही तोच. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिकडे गेलेलं कुटुंब पुढच्या जनगणनेत शहरातून वजा होणार आणि त्याची पूर्व भागातली भाड्याची खोली रिकामी होणार. ते कामाला मात्र रोज शहरातच येणार. तेव्हा 'शहराची लोकसंख्या' आणि 'शहरावर जगणारी लोकसंख्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात असू द्या.

आता फ्लॅटच्या आत येऊ. मंद शहरात नवी इमारत पूर्ण भरत नाही, हे गृहीत धरूनच हिशेब करायचा. इमारत किती भरली आहे हे बिल्डरला विचारू नका, मीटर रूममध्ये जा. ज्या मीटरचं रीडिंग दोन-तीन अंकांत अडकलेलं आहे, ज्या जागी मीटर बसलेलंच नाही, ते मोजा. बंद फ्लॅटची दुसरी खूण वास. बाथरूमच्या जाळीखाली ट्रॅपमध्ये जे पाणी साठून राहतं ते गटाराचा वास अडवतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात वापर नसेल तर ते काही आठवड्यांत आटतं आणि सगळा फ्लॅट, मग जिना, गटारासारखा वास मारू लागतो, झुरळं वर चढतात. शेजारचा फ्लॅट बंद असणं म्हणजे शांतता असं लोकांना वाटतं. त्या बंद फ्लॅटमधला नळ गळू लागला की तुमच्या छताला ओल येते आणि किल्ली न्यू जर्सीला असते.

पाण्याचं गणित तर प्रत्येकानं वहीत मांडावं. शहराला पाणी देणारं उजनी धरण इथून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, आणि शहराच्या बऱ्याच भागांत पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे वर्षानुवर्षं चालत आलंय. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर, वीस फ्लॅटला १०,८०० लिटर रोज. पाच दिवसांना ५४,००० लिटर. म्हणजे तेवढा संप, पाण्याची टाकी, जमिनीखाली हवा, आणि नळाला जे दोन-तीन तास पाणी येतं तेवढ्यात तो भरेल एवढं कनेक्शन हवं. बऱ्याच इमारतींत संप वीस-पंचवीस हजार लिटरचा असतो. तुम्ही बघायला जाता तेव्हा वीसपैकी नऊच घरं राहती असतात. त्यांना पाच दिवसांना लागतं २४,३०० लिटर, त्यामुळे तिथले लोक छातीठोक सांगतात की पाण्याचा काही त्रास नाही. ते खोटं बोलत नाहीत. पाणी पुरतंय, कारण अकरा घरं बंद आहेत. ती भरली की टँकर सुरू. म्हणून लोकांना विचारण्याआधी संपाची लांबी, रुंदी, खोली मोजा. बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का हे मे महिन्यातच कळतं. उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचा उल्लेख जाहिरातीत कितीही मोठ्या अक्षरांत असो, तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं हे शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला माहीत असतं.

मेंटेनन्सचंही असंच. लिफ्टचं कंत्राट, वॉचमन, पंप, जिन्यातले दिवे, टाकी सफाई यांचा खर्च महिना तीस हजार धरा. वीस जणांत तो दीड हजार येतो, नऊ जणांत तीन हजार तीनशेच्या वर. फ्लॅट बंद ठेवणाऱ्यानंही मेंटेनन्स द्यायलाच हवा, कायद्यानं त्याची सुटका नाही. पण वसूल करायला सोसायटी किंवा अपार्टमेंटची असोसिएशन नोंदलेली आणि जिवंत हवी. ती नसेल तर रोज लिफ्ट वापरणारे नऊजणच खर्च उचलतात आणि एक दिवस लिफ्ट बंद ठेवायचं ठरतं. पाचव्या मजल्यावर गुडघे दुखणारी आज्जी असेल तर तिच्यासाठी घर म्हणजे तुरुंग होतो. हे मी कल्पनेनं लिहीत नाही, अशा घरांचं मूल्यांकन केलं आहे.

किमतीबद्दल. फ्लॅटची किंमत दोन गोष्टींची असते, जमिनीतला अविभाज्य हिस्सा आणि बांधकाम. आम्ही मूल्यांकनात आरसीसी इमारतीचं आयुष्य साठ वर्षं धरतो, शेवटी दहा टक्के भंगारमूल्य. म्हणजे बांधकाम दरवर्षी दीड टक्का झिजतं, वीस वर्षांत तीस टक्के. दहा गुंठ्यांत वीस फ्लॅट असतील तर तुमच्या वाट्याला जमीन साधारण ५४५ चौरस फूट. पुण्यात जमीन इतकी पळते की झीज कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे जमीन हळू चालते, त्यामुळे दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढाल तेव्हा पलीकडे नवी कोरी इमारत उभी असते आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं. १ एप्रिल २०२५ ला रेडीरेकनरचे, म्हणजे मालमत्तेचे सरकारी दर वाढले तेव्हा राज्यातल्या महापालिकांत सर्वाधिक वाढ सोलापूरला झाली, १०.१७ टक्के. ती बातमी दाखवून मला अनेकांनी विचारलं की आता भाव पळणार ना? रेडीरेकनर नोंदलेल्या व्यवहारांवर बेततात आणि त्याच्यावर मुद्रांक शुल्क ठरतं. त्यानं घेणाऱ्याचा खर्च वाढला. तुमचा फ्लॅट त्या भावाला घ्यायला गिऱ्हाईक येईलच याची ग्वाही त्यात नाही.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी एकदा भाड्याकडे बघावं. समजा पंचेचाळीस लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं दहा हजार मिळतं. वर्षाचे एक लाख वीस हजार, पावणेतीन टक्केही नाहीत, आणि त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि मधले रिकामे महिने वजा व्हायचे. यासाठी छत्तीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता एकतीस हजारांच्या वर. हप्ता एकतीस आणि भाडं दहा, यातली तूट भाववाढीनं भरून निघायला हवी, आणि भाववाढीला पाठीमागून माणसं यावी लागतात. सोलापुरात गुंतवणुकीसाठी फ्लॅट घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

पण हाच हिशेब उलटा वाचला तर भाडेकरूचा फायदा दिसतो. जो फ्लॅट घ्यायला एकतीस हजारांचा हप्ता लागतो तोच दहा हजारांत राहायला मिळतो. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी वर्षभर भाड्यानं घ्या. आई-वडिलांना ज्या भागात न्यायचं तिथेच घ्या, आणि त्यात एक मे महिना येऊ द्या. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेल्यावर वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो. बाळीवेशीत जन्म काढलेल्या माणसाला मंडई, देऊळ, ओळखीचा डॉक्टर, कट्ट्यावरचे सोबती असं सगळं चालत्या अंतरावर असतं. होटगी रोडला गेल्यावर दुधाच्या पिशवीसाठीही रिक्षा लागली तर ती माणसं सहा महिन्यांत खचतात. बरेच आई-वडील वर्षाच्या आत परत पेठेत येतात. भाड्याचं घर असेल तर हे परत येणं सोपं जातं.

वर्षभरानंतरही घ्यायचाच ठरला, तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची महापालिकेची परवानगी मिळालेली, निदान अर्धी राहती झालेली इमारत घ्या. मंद शहरात आगाऊ बुकिंगची घाई कशासाठी? रांग लागलेली नाही. चालू बांधकामावर पाच टक्के, परवडणाऱ्या गटात बसत असेल तर एक टक्का जीएसटी आहे, भोगवटा झालेल्या फ्लॅटवर तो नाही. जमीन पाचशे चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच गुंठे, किंवा फ्लॅट आठ किंवा त्याहून कमी असतील तर महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणीची सक्ती नसते, आणि आपल्याकडे अशा इमारती पुष्कळ आहेत. तिथे वकिलाकडून टायटल, म्हणजे जमिनीची मालकी, जास्त काळजीनं तपासून घ्या. मोठ्या प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम देऊ नका, कायदाच तसं सांगतो. जमीनमालकाच्या वाट्याचा फ्लॅट असेल तर डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमध्ये तो क्रमांक खरोखर त्याच्या नावे आहे का ते बघा. आई-वडिलांसाठी पहिला-दुसरा मजला, फार तर तिसरा. आईच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

आणि बाळीवेशीचं घर. तुम्ही प्रश्नात त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही, पण खरा पैसा आणि खरी जोखीम तिथेच आहे. आई-वडील बाहेर पडण्याआधी माळवद दुरुस्त करून घ्या, नाहीतर त्यावर पत्रा टाका. पुढची खोली दुकानाला किंवा एखाद्या विद्यार्थ्याला लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार नोंदवून, म्हणजे घरात वावर राहील. वडील आहेत तोवर प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद करून घ्या. आज पाच सह्या लागत असतील तर वीस वर्षांनी पंधरा लागतील, आणि त्या पंधरा जणांत एकमेकांना न ओळखणारी माणसं असतील. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी तुमची भावंडं, आत्या, चुलतभाऊ सोलापुरात येत असतील. त्याच आठवड्यात वंशावळ, कार्डाचा उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती काढून ठेवा, वकिलाची वेळ आधी घ्या आणि सह्या उरकून घ्या.